एक्स-रेचं छप्पर

मशीनचं मागचं दार उघडलं आणि मी दचकून दोन पावलं मागे सरले. आतला मुख्य बोर्ड मोरचुदासारखा हिरवा पडला होता. तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी याच बोर्डावर मी स्वतः काम केलं होतं आणि तेव्हा तो अगदी लख्ख होता. एवढ्या थोड्या दिवसांत एखाद्या बोर्डाचं इतकं वाटोळं झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

पण आधी हे मशीन कसलं आणि मी तिथे काय करत होते, ते सांगायला हवं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी सोल्डरिंगचं काम करायचे. आम्ही मुली लांबलचक टेबलाशी रांगेत बसायचो आणि दिवसभर डाग द्यायचो. माझा डाग सगळ्यात सुबक, असं सुपरवायझर म्हणायचे आणि मी ते घरीदारी सगळ्यांना ऐकवायचे. पण बोर्ड बंद पडला तर तो का पडला, हे मला ओ की ठो कळत नव्हतं. ते शिकवलं कल्याणच्या मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कल्याणच्या जुन्या बाजारात त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि आख्खा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. साठी उलटलेली, धोतर नेसणं कधीच सुटलेलं पण टोपी कायम, आणि बोलणं मोजकं. मी दर रविवारी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचे. आधी त्यांना वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. मी चार वर्षं गेले.

त्यांचा पहिला धडा विचित्र होता. "अगं, बोर्ड हातात आला की आधी वास घ्यायचा. मीटर नंतर." जळलेल्या भागाचा वास वेगळा, गळक्या बॅटरीचा वेगळा, उंदराच्या मुताचा तर सांगायलाच नको. मास्तर डोळे मिटून बोर्ड नाकाशी धरायचे, एखादी बाई खरबूज हुंगून घेते तसा, आणि बहुतेक वेळा निदान तिथेच व्हायचं. मला हसू यायचं.

त्यांच्या टेबलावर दोन डबे असायचे. उजव्या हाताला राळेचा. बोर्डाला डाग देताना राळच वापरायची, तिचा धूर देवळातल्या धुपासारखा येतो. दुसरा डबा डाव्या टोकाला, ॲसिडच्या पेस्टचा. शेजारच्या बायका गळके बंब नाहीतर पत्र्याचे डबे घेऊन यायच्या, त्यांच्यासाठी. ती पेस्ट पत्र्याला चालते, पण बोर्डाला लागली तर पहिल्याच पावसाळ्याच्या दमट हवेत तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकते आणि सगळं हिरवं होतं. ही चूक करणाऱ्याला आमच्या धंद्यात कोणी दारात उभं करत नाही.

आता मशीन. ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत एका कोळी मावशींचं घर होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी गेमचं दुकान थाटलं होतं: दोन व्हिडिओ गेम आणि मध्ये हे पिनबॉल. उतरत्या टेबलावर काच, काचेखाली लोखंडी गोळी, दोन्ही बाजूंना बटणं. बटण दाबलं की आतले दोन पंखे गोळीला परत वर फेकतात, ती कशाकशावर आपटते, दिवे लागतात, घंटा वाजतात. पाठीमागे एक उभी पेटी, तिला आम्ही डोकं म्हणायचो. आकडे तिथे उमटतात आणि सगळे बोर्डही तिथेच असतात. डोक्याच्या माथ्यावर गरम हवा जायला भोकांची पत्र्याची जाळी.

हे मशीन मावशींच्या नवऱ्याने आणलेलं. तो परदेशी मालवाहू बोटीवर खलाशी होता. बोट म्हातारी झाली, मोडीत निघाली, तेव्हा खलाशांच्या खोलीतलं हे मशीन त्याने मागून घेतलं आणि टेम्पोत घालून घरी आणलं. दोन वर्षांनी तो कावीळ होऊन गेला. मावशी त्या मशीनला कोणाला कोपरही टेकू देत नसत.

ते दुरुस्त करायचे मास्तर. पण त्या वर्षी त्यांचे डोळे कुरकुरायला लागले होते, म्हणून मेच्या अखेरीस त्यांनी मला पाठवलं. "एका पंख्याची कॉइल मारत नाहीये, ट्रान्झिस्टर गेला असेल. बघून ये." मी बघितलं, ट्रान्झिस्टरच गेला होता. बदलला. मशीन चालू केलं की मुख्य बोर्डावरचा छोटा लाल दिवा सात वेळा लुकलुकतो. प्रत्येक लुकलुक म्हणजे एकेक भाग तपासून बरा निघाला. सातही झाल्या. मी खूश.

आणि तेव्हा मला ते दिसलं. बोर्डाच्या वर, जाळीच्या खाली, मास्तरांनी कुणाच्या तरी छातीचा जुना एक्स-रे तिरका चिकटवला होता. उतरतं छप्पर असावं तसा. बरगड्या स्पष्ट दिसत होत्या. मला हसू फुटलं. आमच्या कारखान्यात सुपरवायझर घोकून घ्यायचे की बोर्डाला वारा हवा, उष्णता कोंडली की बोर्ड मेला. आणि इथे मास्तरांनी नेमकी जाळीच झाकलेली! म्हटलं, म्हातारपण. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी, तो एक्स-रे टरकन ओढून काढला, सुरळी करून बाहेरच्या कचराकुंडीत टाकला आणि मास्तरांना एका शब्दाने बोलले नाही.

त्यानंतर गणपतीच्या आठवड्यात मावशींचा निरोप आला की मशीन मेलंय. मी गेले, दार उघडलं आणि ते हिरवं दृश्य.

खोलीत तेव्हा गर्दी होती. आरतीला आलेली माणसं, गेम खेळायला आलेली पोरं, शेजारी अशीच गेमची दुकानं चालवणारे दोघं गेमवाले. एक मुलगी मशीन उघडतेय याचंच सगळ्यांना अप्रूप. सगळे माझ्या खांद्यावरून डोकावत होते. लाल दिवा एकदाही लुकलुकला नाही, नुसता पेटून राहिला. मी बॅटरीकडे पाहिलं, कारण असा हिरवेपणा बहुतेक गळक्या बॅटरीने येतो. पण बॅटरी मास्तरांनी दोन वर्षांपूर्वीच बोर्डावरून काढून वायरने लांब खाली टांगली होती, ती कोरडी ठणठणीत. मग नीट बघितलं तर हिरवं होतं ते वरच्या बाजूला आणि नेमकं मास्तरांनी गेल्या हिवाळ्यात दिलेल्या डागांच्या अवतीभवती. त्यांचा डाग मी अंधारातही ओळखला असता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निदान मला तसं वाटलं.

"मास्तरांनी ॲसिडची पेस्ट लावलीय," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "भांड्यांना लावतात ती. डोळ्यांना दिसत नाही त्यांना, डबा चुकला असणार."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोर्ड एकदा, फक्त एकदा नाकाशी धरायचा होता. पण एवढ्या लोकांसमोर बोर्ड हुंगत उभी राहायची मला लाज वाटली.

मावशींचा चेहरा उतरला. "मास्तरनं? आमच्या मास्तरनं?" त्या दोनदा म्हणाल्या. शेजारचे गेमवाले एकमेकांकडे बघत बाहेर पडले. त्यांचेही बोर्ड मास्तरांकडेच जायचे.

मी बोर्ड घरी नेला. स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने घासला, खाल्लेल्या रेषांच्या जागी केसासारख्या वायरी जोडल्या. आठवडाभर झगडले. सात लुकलुकी परत आल्या तेव्हा मी घरात अक्षरशः नाचले. मग रविवारी मास्तरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील, माझ्याशी भांडतील, काहीतरी शहाणपणाचं ऐकवतील.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग विचारलं,

"वरचं छप्पर आहे ना जागेवर?"

ते कशाबद्दल विचारताहेत हे मला पक्कं कळलं होतं. पण न विचारता काढलं म्हटलं तर बोलणी बसली असती, आणि त्या एक्स-रेचा या हिरव्याशी काय संबंध, असंही मनात आलं.

"आहे ना," मी म्हणाले.

एवढंच. दोन शब्द.

त्यांनी राळेचा डबा उघडला, हुंगला. पेस्टचा उघडला, हुंगला. दोन्ही आपापल्या जागेवर ठेवले. "डबे तर जागेवर आहेत. पण त्या दिवशी कुठला उचलला, आता कसं सांगू," असं म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "असेल. माझ्याच हातून झालं असेल."

मला धक्का बसला, खोटं नाही सांगत. मास्तर चूक कबूल करतात! आणि त्या धक्क्याच्या मागोमाग, सांगायला जीभ रेटत नाही, पण थोडं बरंही वाटलं. म्हणजे मी शिकले होते. गुरूची चूक पकडण्याइतकी शिकले होते.

दिवाळीपर्यंत ठाण्याचे गेमवाले त्यांच्याकडे यायचे बंद झाले. पण दुकान त्यामुळे बंद पडलं नाही. रेडिओ, टेपरेकॉर्डर येतच होते. मास्तरच हात लावेनात. एखाद्याचा रेडिओ उघडायचे, सोल्डरिंगचं आयर्न तापवायचे आणि मग तसंच बंद करून, "दुसरीकडे दाखवा," म्हणायचे. संक्रांतीच्या आत त्यांनी दुकान सोडलं आणि खडवलीला मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांचं आयर्न आणि राळेचा डबा माझ्या हातात दिला. "तुझा हात स्वच्छ आहे," म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे लिहितानाही कान तापतात.

पुढच्या श्रावणात मावशींचा निरोप आला. "नारली पुनवेला मशीनचं दिवं लागलं पायजेत, एक दिवा बंद हाय. सकालीच ये." एरवी त्या दिवशी मी कधीच ठाण्यात नसायचे. राखीपौर्णिमा, मी भावाकडे. पण तेव्हा भाऊ नोकरीसाठी मस्कतला गेला होता, म्हणून मी मोकळी होते.

मी दिवा बदलला. हात पुसत होते तेवढ्यात मावशी नटूनथटून बाहेर आल्या. हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, हातात ताट. मशीनला झेंडूचा हार घातलेला होताच. पुनवेला कोळी माणसं होडीची पूजा करतात आणि दर्याला नारळ देतात, हे कोणाला माहीत नाही? मला वाटलं, मशीनला कुंकू लावतील, ओवाळतील, झालं. आम्हीही दसऱ्याला शिवणयंत्राला झेंडू वाहतोच.

मावशींनी प्लग काढला. स्टुलावर चढल्या. डोक्याच्या माथ्यावर नारळ धरला, कोयत्याच्या पाठीने दोन टोले घातले, आणि तिसऱ्या टोल्याला नारळ फुटला. सगळं पाणी जाळीवर पडलं. पडलं आणि नाहीसं झालं. भोकांतून आत.

मी किंचाळले. खरंच किंचाळले. ताटातला दिवा हलला.

"मावशी! पाणी आत गेलं!"

"जाऊंदे की," त्या शांतपणे स्टुलावरून उतरत म्हणाल्या. "दर वरसाला जातंय. माज्या घरवाल्याच्या बोटीचा ह्यो एवराच तुकरा उरलाय. होरीला नारल देताव, मंग याला नको?"

"दर वर्षी? मास्तरांना माहीत होतं?"

"त्याच्यासमोरच फोरला की! पयल्यांदा मशीन मेली तवा त्यानं मला इचारलं, वरनं काय पानी परतं का. मी सांगलं, नारलाचं परतं. त्यो हसला. बोलला, फोर तू, तुजा नारल बंद करायचा नाय. मी वर छप्पर घालतंय."

मास्तर एका शब्दात सांगू शकले असते: बाई, यंत्रावर पाणी ओतू नका. त्यांनी सांगितलं नाही. तिचा नारळ तिला ठेवू दिला आणि पाणी एक्स-रेवरून बाजूला वळवलं. दोन पुनवा ते छप्पर गळलं नव्हतं. मग मी ते फाडलं. मग नारळ फुटला, गोड-खारट पाणी त्यांच्या डागांवर बसलं आणि हिरवं झालं. आणि मी भरल्या खोलीत त्यांचं नाव घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर मीच.

मी दार उघडलं, बोर्ड काढला आणि या वेळी नाकाशी धरला. ओल्या नारळाचा वास. तीन आठवड्यांनी, गणपतीपर्यंत, आंबट झाला असता. गेल्या वर्षी नक्कीच आंबट होता.

मावशी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आत वाकून पाहिलं. "छप्पर खं गेलं?"

"मी काढलं. गेल्या वर्षी, पावसाच्या आधी."

त्यांनी ताट खाली ठेवलं. त्यांना सगळं जुळायला वेळ लागला नाही. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता आणि तेच वाईट होतं. "तुज्या तोंडावर इस्वास ठेवला मी. त्या म्हाताऱ्याला दारात घेतला नाय वरीसभर. दिवालीला आलता तो, भेटाया. मी आतून सांगाया लावलं, घरात नाय."

हे मला माहीत नव्हतं. मास्तर एवढ्या लांब आले होते आणि दारातून परत गेले होते.

"जा," मावशी म्हणाल्या. "आज जा. मशीन राहूदे बंद. त्याला सांगून ये, नि माज्या वतीनंपन सांग."

बोर्ड पुसून कोरडा केला, फडक्यात गुंडाळला आणि मी निघाले. दुपारी खडवलीला पोचले. वाटेत मी मनात पन्नास वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही नंतर उपयोगी पडलं नाही.

मास्तर ओसरीवर बसले होते. टोपी नव्हती. त्यांच्या मुलीने मला ओळखलं, पाणी आणलं. कोनाड्यात एक रेडिओ होता, फडक्याने झाकलेला.

"चालत नाही तो," मुलगी म्हणाली. "बाबांना किती वेळा म्हटलं, बघा. हातच लावत नाहीत. म्हणतात, माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नारळ, पाणी, हिरवं, एक्स-रे. एक्स-रे मी काढला. त्यांनी विचारलं तेव्हा मी आहे म्हटलं, ते खोटं होतं. मावशींनी काय निरोप दिलाय तेही. सांगताना रडले का, आठवत नाही. आवाज फाटला होता एवढं आठवतं.

मास्तर ऐकत होते. ओसरीवर एक कोंबडी आली, मुलीने तिला हाकललं.

"मी विचारलं होतं तुला," शेवटी ते म्हणाले.

"हो, मास्तर."

"विचारलं होतं ना?"

"हो."

त्यांनी रागवायला हवं होतं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी मी घेतल्या असत्या. त्यांनी फक्त हात पुढे केला. "आयर्न आहे का जवळ?"

त्यांचंच आयर्न माझ्या पिशवीत होतं, राळेचा डबाही. मुलीने रेडिओ आणला, मागचं झाकण काढलं. स्पीकरची वायर सुटली होती, एवढंच. एका डागाचं काम, एक मिनिटाचं. कित्येक महिने तो रेडिओ त्या एका डागावाचून बंद होता. मास्तरांनी आयर्न हातात घेतलं, वायर शोधली, वाकले. टोक वायरीच्या शेजारी टेकलं आणि प्लास्टिक जळलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा शेजारीच. वर्षभरात त्यांचे डोळे खरंच गेले होते. गेल्या वर्षी ते गेले नव्हते. गेल्या वर्षी त्यांना दिसत होतं, हात चालत होता, आणि ते वर्ष मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

त्यांनी आयर्न माझ्या हातात ठेवलं. "लाव तू."

मी टोक राळेत बुडवून वायरीला टेकवलं. धूर आला. मास्तर डोळे मिटून पुढे झुकले आणि नाकाने तो धूर ओढून घेतला, पूर्वी बोर्ड हुंगायचे तसा. मग मुलीकडे वळले.

"माझा डबा चुकला नव्हता गं," ते तिला म्हणाले.

मी तिथेच बसले होते, हातात त्यांचं आयर्न धरून. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी तेच वाक्य मुलीला पुन्हा एकदा सांगितलं, आणि ती "हो बाबा" म्हणाली.